मेस्तांची घार आणि पुस्तकातला साप

तक्रारदार : गोविंद सखाराम राऊळ, वय एकावन्न, धंदा अर्जनवीस, बैठक मामलेदार कचेरीची पडवी, डावीकडून दुसरा खांब, मालवण, जिल्हा रत्नागिरी.

ज्यांच्या वतीने तक्रार : मयत जनार्दन विठू मेस्त, होडीसुतार, पूर्वी लष्करी विमानांच्या एका तुकडीत सुतार व रंगारी. तुकडीचा क्रमांक मयताच्या इच्छेवरून गाळला आहे. ‘तुकडी माजीच आसा, तिची बदनामी नको,’ असे त्यांचे शब्द होते.

तारखा : मेस्त नोकरीवरून परत आले त्याच्या दुसऱ्या चैत्रापासून ते मागील भाद्रपदापर्यंत. नेमके दिवस माझ्या दप्तरात आहेत. मागितल्यास हजर करीन.

साक्षीदार : एक, दाजी तांडेल, होडीमालक. दोन, जानकी, मासळी विकणारी, मेस्तांची शेजारीण. तीन, मी स्वतः. मी अर्ज लिहिणारा असल्यामुळे माझी साक्ष धरू नये असे कोणी म्हणेल, तर त्याने पुढील मजकूर वाचावा आणि मग म्हणावे.

अर्जात माणसाचे वर्णन चार शब्दांत संपते : नाव, वय, धंदा, राहणार. पंचवीस वर्षांत मी हजारो माणसे अशी चार शब्दांत बसवली आणि कोणाचे काही उरले असे मला कधी वाटले नाही. मेस्त त्यात बसले नाहीत. म्हणून हा लांब कागद.

मेस्त ठेंगणे, रुंद खांद्यांचे. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे; विमानाच्या इंजिनाने तो कान नेला होता. त्यामुळे ते मोठ्याने बोलत. पक्षकार माझ्या कानाशी लागून कुजबुजतात, हा माझ्या धंद्याचा रिवाज; मेस्त कुजबुजू लागले की समोरच्या हॉटेलातला माणूस चहा ओतता ओतता थांबे. दांडीच्या किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांची त्यांची शाकार होती. तिच्याखाली वर्षाला दोन-तीन होड्या तयार होत. अंगात खाकी अर्धी विजार, तिला इस्त्री. होडीच्या पोटाखाली दिवसभर उताणे पडून काम करणारा माणूस रोज सकाळी विजारीला इस्त्री करतो, हे पाहून लोक हसत. मेस्तांना लोकांचे हसणे उजव्या कानानेही ऐकू येत नसे.

दाजी तांडेलांच्या होडीची हकिगत साक्षीसाठी नोंदवतो. होडी पाण्यात लोटायचा मुहूर्त होता. नारळ फुटला, गुलाल उडाला, वीस माणसे दोरांना हात घालून उभी राहिली. इतक्यात मेस्तांनी वाळूवर मेणकापड पसरले आणि आपली हत्यारे एकेक करून मांडली. एक पटाशी कमी निघाली.

“होडी हलाची नाय,” मेस्त म्हणाले.

“मेस्तानू, मुहूर्त जाता!” दाजी ओरडले. “पटाशी उद्या सोदा. मी नवी हाडून दितंय.”

“मुहूर्त दुसरो मिळतलो, दाजी. तळ दुसरो मिळाचो नाय.”

“अरे, भटजी इलेत कुडाळसून!”

“तेंका चाय दी.”

सगळी होडी रिकामी करावी लागली. पटाशी तळच्या फळीखाली दोन वाकांच्या मध्ये, पाते खाली करून पडलेली सापडली. (वाक म्हणजे होडीची फासळी.) महिनाभर लाटांनी ती हलली असती तर तिने काय केले असते, हे दाजींना सांगावे लागले नाही. पुढे दाजीच सांगत असत, “ह्यो माणूस मुहूर्ताकसुद्धा रांगेत उभो करता.” मेस्तांचे म्हणणे एवढेच की विमानाच्या तळावर सगळी हत्यारे मोजून जागेवर आल्याशिवाय विमान उडत नाही, आणि दर्या काही आकाशापेक्षा हलका नाही.

अशा माणसाने एका सकाळी माझ्या खांबापाशी येऊन एक छापील पुस्तिका माझ्या पेटीवर ठेवली. त्यांच्या जुन्या तुकडीने वर्धापनाच्या निमित्ताने ती काढली होती आणि जुन्या माणसांना टपालाने पाठवली होती. पहिल्या पानावर तुकडीचे चिन्ह होते, खाली इंग्रजीत मजकूर.

“राऊळानू, ह्या खालचा वाचा. माका जां समाजला तां खरा आसा काय ता सांगा.”

माझे शिक्षण मराठी फायनलपर्यंतचे. इंग्रजी मी स्वतःच्या हिमतीवर, शब्दकोशाच्या आधाराने कमावले आहे. मी दोन दिवस घेतले आणि त्यांना शुद्ध मराठीत लिहून दिले : ‘तुकडीचे चिन्ह, झेप घेणारा गरुड, पंजात सर्प. मूळ, पुराणातील गरुड व नाग यांचे वैर. अर्थ, आकाशातून उतरून शत्रूचा नाश.’

मेस्तांनी कागद वाचला, घडी केली आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “ह्यां खोटा आसा.”

माझ्या अनुभवात दहांपैकी नऊ तक्रारींच्या मुळाशी एक तर बांध असतो, नाही तर नाव. म्हणून मी विचारले, “चित्र तुम्ही काढले होते काय? तुमचे नाव घालायला हवे काय?”

“चित्र मीच काडलंय. नाव नको माका. पण ती घार आसा. आनि तिच्या पायात वाकटी आसा. घारीक गरुड म्हणतत, वाकटेक साप म्हणतत, तेचा कोणाक काय वाटना नाय?”

(वाकटी हा मासा.) मग त्यांनी सांगितलेली हकिगत मी त्याच दिवशी टिपून ठेवली. ती येणेप्रमाणे.

उत्तरेच्या डोंगरांत थंडीच्या दिवसांत आपल्या जवानांची एक चौकी वेढ्यात सापडली होती. वाट बंद, खेचरे बंद. मेस्तांच्या तुकडीची विमाने धान्याची पोती घेऊन जात आणि टेकडीवर वरून टाकत. माणसे कमी होती म्हणून सुतारालाही विमानात चढवले. उघड्या दारात, कमरेला पट्टा बांधून, पायाने पोती ढकलायची. तांदूळ, डाळ, मीठ, कांदे. एका फेरीत एक पोते दारातच फाटले आणि तांदूळ वाऱ्यावर सांडत गेला. विमान वळून पुन्हा टेकडीवरून आले तेव्हा मेस्तांनी खाली पाहिले : एक जवान बर्फात गुडघे टेकून दाणे वेचत होता. त्याने वर पाहिले नाही.

“एकेक दाणो येचीत होतो,” मेस्त म्हणाले. इतकी वर्षे झाली तरी हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. मी त्यांना हळू बोलताना ऐकले ते तेवढेच.

त्या संध्याकाळी तळावर परत आल्यावर त्यांनी उरलेल्या रंगाने विमानाच्या नाकाडावर चित्र काढले. काय काढावे याचा त्यांना विचार करावा लागला नाही. त्यांचे वडील रापणीला जात. शंभर हातांनी जाळे वाळूवर ओढून आणले की वाटे पडण्याआधी ते एक मासा घारीसाठी वर भिरकावीत. घार त्याला हवेतच झेलून माडावरच्या आपल्या पिलांकडे घेऊन जाई. वडील म्हणत, मासळी कुठे आहे ते तिने आधी पाहिले, तिचा वाटा आधी. मेस्तांनी ती घार काढली : डोके पांढरे, अंग तांबूस, आपल्या किनाऱ्यावर रोज दिसते तशी. पायात वाकटी दिली, कारण वाकटी लांब, पट्टीसारखी आणि चांदीसारखी चकाकणारी असते. खालून टेकडीवरच्या माणसांना दिसावी.

“आमी थंय मारूक नाय गेल्लाव, राऊळानू. आमी जेवाण घेवन गेल्लाव. घार पिलांक घेवन जाता तसा.”

दुसऱ्या सकाळी तुकडीचे साहेब विमानापाशी आले. चार दिवस त्यांना झोप नव्हती. चित्रापुढे ते थांबले आणि हसले.

“गरुड है?” त्यांनी विचारले.

“जी साब,” मेस्त म्हणाले.

“और ये साँप?”

“जी साब.”

झाले. साहेबांनी ते चित्र वर पाठवले. वरच्या चित्रकाराने घारीच्या चोचीचा बाक वाढवला, वाकटीच्या अंगावर खवले काढले, तोंडाला दुभंगलेली जीभ लावली, आणि तुकडीला चिन्ह मिळाले.

“मग तेव्हाच का नाही सांगितलेत?” मी विचारले.

मेस्तांनी पुस्तिका माझ्या पेटीवर सरळ केली. “साहेब हसलो होतो. चार दिवसांनी पयल्यांदा. हसणाऱ्या माणसाक नाय म्हणूक जीभ उठली नाय. आनि खरा सांगू? टाचेक टाच लागली काय तोंडातसून ‘जी साब’ आपसूक भायर पडता. तेका मी कारण. दुसरो कोण नाय. आता माका माजा ‘होय’ परत घेवचा आसा. तसो अर्ज लिवा.”

धंद्यात आल्यापासून जमिनी, घरे, मुले, बायका परत मागणारे अर्ज मी लिहिले होते. आपला एक शब्द परत मागणारा पक्षकार हा पहिला.

आम्ही तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्याला पोच आली. तिसऱ्याला मात्र टंकलिखित पत्र आले : चिन्ह व त्याचा अर्थ मंजूर झालेला असून त्यात बदल संभवत नाही, अर्जदाराच्या सेवेबद्दल आदर आहे. माझ्या शास्त्राप्रमाणे ‘नामंजूर’ हेही उत्तरच असते आणि प्रकरण तेथे मिटते. मी तसे मेस्तांना समजावले. त्यांनी पत्र दोनदा वाचून घेतले.

“आदर आसा म्हणतत?”

“होय.”

“मगे साप कित्याक?”

त्या वर्षापासून मेस्तांनी बांधलेल्या प्रत्येक होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, घार दिसू लागली, पायात वाकटी घेतलेली. मालकांनी कमळ सांगितले, गणपती सांगितला, मुलीचे नाव सांगितले. ते सर्व निघे, पण शेजारी घारही निघे. जानकी मासळीची पाटी उतरवून एकदा शाकारीपाशी थांबली. मी हजर होतो.

“मेस्तानू, सगळ्या बंदराक एकच घार? आनि तिका वाकटीच कित्याक? बरो ताजो बांगडो दिया. घार तरी पोटभर जेवतली.”

“बांगडो साप दिसना नाय.”

“मगे बराच ना!”

“बरा खंयचा? चूक जंय झाली थंयच दुरुस्त करूक होयी. वाकटेक लोकांनी साप म्हटल्यानी. वाकटी वाकटीच म्हणान रवाक होयी.”

“हेंका लागीर झाला,” जानकी मला म्हणाली, पण पाटीतून एक वाकटी काढून तिने शाकारीच्या खांबाला अडकवली. “ही घेवा, बगान काडा. शेपटी तुमी जाड काडतास.”

मेस्तांनी पाहिले. शेपटी खरोखरच जाड निघत होती. त्यापुढच्या होड्यांवर ती बारीक आहे. कोणीही बंदरावर जाऊन खात्री करावी.

चीनच्या लढाईनंतर तरुणांना भरतीसाठी बोलावण्याकरिता सावंतवाडीस एका शाळेच्या पटांगणात लष्करी प्रदर्शन भरले. विमानांच्या निरनिराळ्या तुकड्यांची चिन्हे मोठ्या फळ्यांवर रंगवून मांडली आहेत, ही बातमी कट्टा गावावरून येणाऱ्या एस.टी.बरोबर मालवणास आली. दुसऱ्या सकाळी मेस्त माझ्या दारात उभे : इस्त्रीची विजार, छातीवर पदक, हातात कापडी पिशवी.

“चला. साक्षीदार होयो.”

मी गेलो. पिशवीत काय आहे ते मी विचारले नाही, ही माझी चूक मी येथे कबूल करतो.

मेस्तांच्या तुकडीची फळी मधोमध होती. पुरुषभर उंच गरुड, पंजात हिरवा साप, लाल जीभ. समोर शाळेची मुले, गावचे लोक, बाजूला एक तरुण अधिकारी काठीने दाखवून अर्थ सांगत होता. “शत्रूचा नाश,” तो म्हणाला, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मेस्त दोरी ओलांडून आत गेले, टाचा जुळवून त्यांनी सलाम केला, पिशवीतून रंगाची डबी व कुंचला काढला आणि कोणाला काही कळायच्या आत सापाची जीभ पुसून टाकली.

“अहो, हे काय करता?” अधिकारी धावला. मराठी होता.

“दुरुस्ती, साहेब. ही वाकटी आसा. मासो.”

“आजोबा, हे मंजूर झालेलं चिन्ह आहे. साप आहे तो.”

“मी काडलंय ता. माका सांगतास?”

“तुम्ही काढलंत? याचा पुरावा?”

मेस्तांनी कुंचला खाली केला नाही. आवाज तर त्यांचा मुळातच मोठा. त्या दिवशी तो गावातल्या मोती तलावाच्या पलीकडे गेला असेल. “टेकडेर ज्यांनी भात खाल्लो, तेंका इचारा! आमी वरसून काय टाकला? साप टाकलो, काय तांदूळ? तेंका इचारा, आनि मगे माका धरा!”

अधिकाऱ्याने टोपी काढून परत घातली. तोवर मेस्तांनी शेपटीही केली होती, बारीक, जानकीने सांगितली होती तशी. मग पोलिस आला. मेस्तांनी त्याला थांबवले, डबी, झाकण, कुंचला, फडके मोजून पिशवीत घातले आणि म्हणाले, “आता चला.”

सरकारी मालमत्तेची नासधूस, असे प्रकरण झाले. अधिकारी भला होता; लेखी माफी दिल्यास विषय वाढवणार नाही असे त्याने पोलिसांसमक्ष सांगितले. ठाण्याच्या बाकावर बसून मी माफीनामा लिहिला. माझे माफीनामे या तालुक्यात प्रसिद्ध आहेत. तीन मामलेदारांनी त्यांची तारीफ केली आहे. ‘वृद्धापकाळ, जुन्या सेवेच्या आठवणींनी झालेला मनःक्षोभ, चिन्हाबद्दल झालेला गैरसमज’ अशी मी ओळीने कारणे बांधली. आजही तो मसुदा वाचला तर त्यात मला एक मात्रा बदलावीशी वाटत नाही.

मेस्तांनी तो ऐकला. ‘गैरसमज’ या शब्दाशी त्यांनी हात वर केला.

“गैरसमज कोणाचो?”

“तुमचा, असे लिहिले आहे. रीत असते, मेस्तानू. सही करा, संध्याकाळची एस.टी. मिळेल.”

“राऊळानू,” ते म्हणाले, “एकदा ‘होय’ म्हटलंय, तां निस्तरूक माका इतकी वर्सां लागली. आता लिवन देवू? तुमी बरे माणूस. पण ह्यां फाडा.”

मी फाडले नाही. मसुदा माझा होता, मी खिशात घातला. मेस्तांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या : ‘चित्र मी काढले. चूक मी होऊ दिली. दुरुस्त मी केली. माफी नाही.’ खाली सही. पोलिस हवालदाराने वाचून माझ्याकडे पाहिले, मी भिंतीकडे पाहिले. त्या रात्री आम्ही ठाण्याच्या ओसरीवर झोपलो. मेस्त घोरत होते.

पुढे ताकीद देऊन सोडले. दंड झाला नाही. पण त्यानंतर तुकडीकडून पुस्तिका, पत्र, निमंत्रण काहीच आले नाही. त्यांचे नाव यादीतून गेले, असे मी समजतो. टपालवाला किनाऱ्याच्या वाटेने जाताना मेस्त होडीखालून बाहेर येऊन उभे राहत आणि तो पुढे गेला की परत आत जात. ते पाहूनच मी मनाशी ठरवले की चौथा अर्ज मी आपणहून, फी न घेता लिहीन.

भाद्रपदात मी तो लिहून तयार ठेवला आणि निरोप धाडला. मेस्त तापाने अंथरुणाला होते. जानकी म्हणाली, येऊ शकणार नाहीत, कागद घरी घेऊन या. मी छत्री घेऊन उठतो आहे तोच ते कचेरीच्या पायरीवर दिसले. एका हाताने खांब धरलेला, अंगात स्वेटर, खाली इस्त्रीची विजार. बसा म्हटले तर बसले नाहीत. अर्ज हातात घेऊन त्यांनी उभ्यानेच वाचला, ओळीवर बोट ठेवून, अगदी शेवटपर्यंत. मग बोट एका ठिकाणी थांबले.

“‘विनम्र विनंती’ लिवलास.”

“तशी पद्धत आहे.”

“विनंती ठेवा. विनम्र काडा.”

मी काढले. त्यांनी सही केली, माझ्या पेटीवर टाक सरळ ठेवला आणि भर पावसाळी वाऱ्यात किनाऱ्याकडच्या उतारावरून चालू लागले. जानकी वाटेत त्यांना गाठून हात धरायला गेली. त्यांनी तो झिडकारला. वळणाच्या फणसापाशी ते दम घ्यायला थांबले, आणि पाठ वळवून कोणाला न दिसेल अशा बेताने थोडे वाकले. मग सरळ झाले आणि गेले. चौथ्या दिवशी ते वारले.

सदर चौथ्या अर्जासही अद्याप उत्तर नाही. सबब, हा मजकूर छापून प्रसिद्ध करून मी संबंधितांस कळवितो की, तुकडीच्या इतिहासात जेथे ‘गरुड’ आहे तेथे ‘घार’ असे करावे. जेथे ‘सर्प’ आहे तेथे ‘वाकटी मासा’ असे करावे. आणि जेथे ‘शत्रूचा नाश’ आहे तेथे ‘वेढ्यातील माणसांस अन्न’ असे करावे. चित्र बदलू नये अशी हरकत असल्यास चित्र ठेवावे, अर्थ तेवढा खरा करावा. यात तुकडीची मानहानी आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने तसे लेखी कळवावे. त्याचे उत्तर मी देईन.

निर्णय काहीही होवो, उत्तर यावे. ते माझ्या नावे पाठवू नये. पाकिटावर जनार्दन विठू मेस्त, दांडी, मालवण, एवढेच घालावे. इसम मयत म्हणून पाकीट परत पाठवायचे नाही, असे मी टपालवाल्यास बजावून ठेवले आहे. ते उत्तर शाकारीपाशी उभे राहून, मोठ्याने वाचले जाईल.

गोविंद सखाराम राऊळ
अर्जनवीस, मालवण